कोथिंबिरीची जुडी आणि दोन मिनिटं

१२ एप्रिल २०१८, गुरुवार. रेहोवोतच्या भाजीबाजारात मी कोथिंबीर घेत होते. तिथे तिला कुसबरा म्हणतात. इस्राएलला येऊन तीन महिने झाले होते, नवऱ्याची पोस्टडॉक आणि माझा व्हिसा नुसता बायकोचा, नोकरी करायची परवानगी नाही, त्यामुळे मला जे पंधरावीस हिब्रू शब्द यायला लागले होते ते सगळे भाजीतले. एका हातात जुडी, दुसऱ्या हातात वीस शेकेलची नोट, आणि 'कमा झे?' म्हणजे केवढ्याला असं विचारतेय तेवढ्यात कुठेतरी भोंगा सुरू झाला. लांबलचक, एकाच सुरात. भाजीवाला एरवी टोमॅटो टोमॅटो ओरडून सगळी गल्ली डोक्यावर घ्यायचा, तो एकदम गप. मान खाली, हातातली प्लॅस्टिकची पिशवी अर्धी उघडलेली तशीच. मला वाटलं भोंग्यामुळे त्याला ऐकू आलं नसेल. म्हणून मी अजून मोठ्याने विचारलं, कमा झे, आणि ती नोट त्याच्या नाकासमोर हलवली. अक्षरशः हलवली, एसटीत कंडक्टरसमोर हलवतो तशी. त्याने वर बघितलं नाही. मग मी आजूबाजूला बघितलं तर सगळा बाजार उभा. ट्रॉलीवाली म्हातारी उभी, खांद्याला बंदूक लावलेली सैनिक पोरगी उभी, एक मुलगा सायकलवर एक पाय टेकून तसाच, मासेवाल्याच्या नळीतून पाणी वाहतंय पण नळी धरणारा हलत नाहीये. आणि या सगळ्यांच्या मध्ये मी, हात पुढे करून, नोट घेऊन. आता हात खाली घेतला तर तीही हालचालच, आणि नाही घेतला तर मी दोन मिनिटं कुणाच्या तरी दुःखासमोर पैसे धरून उभी. नाही घेतला. भोंगा हळूहळू खाली येत थांबला, बाजार परत सुरू झाला, भाजीवाल्याने नोट घेतली, सुटे मोजून दिले, पिशवीत एक लिंबू जास्तीचं टाकलं. माझ्याकडे न बघता.

रागावला असता तरी चाललं असतं.

खरं तर आदल्या रात्रीच कळायला हवं होतं. आम्ही दोघं बाहेर जेवायला म्हणून निघालो तर सगळी हॉटेलं बंद, टीव्हीवर सगळ्या चॅनेलवर काळंपांढरं काहीतरी, आणि आम्ही घरी येऊन मॅगी करताना चिडचिड केली होती की काय हा देश, दर आठवड्याला शनिवारी बंद आणि आता बुधवारीपण. त्या बंदला योम हाशोआ म्हणतात, हिटलरच्या राजवटीत मारलेल्या साठ लाख ज्यू माणसांच्या आठवणीचा दिवस, १९५९पासून तसा कायदाच आहे, संध्याकाळी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सबंध देश दोन मिनिटं थांबतो, हायवेवरच्या गाड्यासुद्धा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी कुणाला विचारलं नव्हतं.

सांगू शकेल अशी एक बाई होती. आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली. तिची ओळख जिन्यात झाली होती. मी आईशी फोनवर बोलत जिना उतरत होते, तर एक दार उघडलं, आतून नारळाच्या दुधातल्या मटणाचा वास आला आणि त्या वासामागून एक सत्तरीची बाई आली. म्हणाली, 'कुठली गं तू?' मराठीत. मी म्हटलं अलिबाग. 'अलिबागात कुठं?' मी म्हटलं इस्राएल आळीच्या अलीकडे. ती तिथेच पायरीवर बसली. तिचा जन्म इस्राएल आळीतला, १९७१ साली नवरा आणि दोन पोरांना घेऊन इकडे आलेली. मी ज्या देवळाच्या, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगच्या समोरून शाळेत जायचे आणि कधी आत डोकावले नाही, तिथे तिचं लग्न लागलेलं. त्या दिवसापासून ती माझी मावशी. घरी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक यायचं तिच्याकडे, इस्राएलमध्ये छापलेलं, आणि ते ती मोठ्याने वाचायची, ऐकणारं कुणी असो नसो.

तर त्या दिवशी दुपारी मी जुडी घेऊन तिच्याकडेच गेले आणि झालेलं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. 'अगं बाय, त्सफिरा होती ती. चूक माझी, तुला सांगायचं राहिलं.' मग तिने मला एक गोष्ट शिकवली जी त्या देशात पोरं बालवाडीत शिकतात, की भोंगा एकसारखा वाजला तर उभं राहायचं आणि वरखाली वाजला तर हल्ला आलाय, पळायचं. तिच्या ओट्यावर एक छोट्या डब्यातली मेणबत्ती जळत होती, नेर नेशामा म्हणतात तिला, चोवीस तास जळते, सुपरमार्केटमध्ये मिठाच्या शेजारी मिळते. मला आजीच्या घरचा नंदादीप आठवला. मी विचारलं, मावशी तुमचं कोणी होतं का तिकडे युरोपात? 'आमचं कोण असणार तिकडं. आमी अलिबागचे.' मग ही कोणासाठी? ती म्हणाली, 'आहे एक पोरगा,' आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

इथे मला एक कबूल करायचंय. त्याच दुपारी, गप्पा हलक्या कराव्या म्हणून, मी तिला आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांची गोष्ट सांगितली. फार मारायचे. आम्ही त्यांना हिटलर म्हणायचो, सगळी शाळा म्हणायची, त्यांना ते माहीत होतं आणि बहुतेक आवडायचंही. अख्खी गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मावशीचे हात थांबलेत. काही बोलली नाही. पण मग मलाच एकेक आठवत गेलं, की आपल्याकडे फुटपाथवर त्या माणसाचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, स्वयंपाकाच्या आणि स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांच्या मध्ये, आणि माझ्या कॉलेजातल्या दोघातिघांनी ते 'मोटिव्हेशनल' म्हणून वाचलं होतं. २००६ साली खारघरला त्याच्या नावाचं हॉटेल निघालं होतं, मुंबईतल्या ज्यू लोकांनी आवाज उठवल्यावर नाव बदललं, आणि तेव्हा आमच्या घरात चर्चा झाली होती की एवढं काय, नावच तर आहे. शिस्तीचा माणूस म्हणजे हिटलर, ही आपली उपमा. द्वेष नाही हो त्यात. काहीच नाही त्यात, तेच तर.

आणि भोंगा काय आपल्याकडे नव्हता? ३० जानेवारीला, सकाळी अकराला, अलिबागला वाजायचा. हुतात्मा दिन. शाळेत बाई म्हणायच्या उभे राहा, आम्ही उभे राहायचो आणि दोन मिनिटं एकमेकांना हसवायचा प्रयत्न करायचो, पुढच्या बाकावरचीच्या वेणीला रबर अडकवायचो. बाहेर रस्त्यावर रिक्षा चालू, गिरणी चालू, भोंग्यावर कुत्री रडायची. बाबा म्हणायचे, अकरा वाजले, घड्याळ लावून घ्या. आमच्या घरात वर्षानुवर्षं ३० जानेवारीचा उपयोग तेवढाच होता, घड्याळ लावणे.

त्या मुलाबद्दल मावशीने लगेच सांगितलं नाही. आधी मला शेजारच्या बिल्डिंगमधली नोना दाखवली. नोना म्हणजे लादिनो भाषेत आजी, लादिनो म्हणजे स्पेनमधून बाहेर पडलेल्या ज्यूंची बोली. तेव्हा नव्वद वर्षांची, ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीची, तिच्या तोंडी सालोनिका. मावशीची आणि तिची मैत्री जवळजवळ पंचेचाळीस वर्षांची आणि ती सगळी डब्यांवर चाललेली. इकडून बिरड्याचं जायचं, तिकडून रात्रभर कांद्याच्या सालींत मंद शिजवलेली तपकिरी अंडी यायची, आतला पांढरा भागही चहाच्या रंगाचा झालेला, धुरकट गोडसर वास. दोघींना जोडणारी गोष्ट मात्र एक चिडवणं होतं. मावशी आली तेव्हा बाजारात, दवाखान्यात युरोपातून आलेले लोक विचारायचे, तुम्ही ज्यू? मग यिडिश कसं येत नाही? आणि हे नुसतं बाजारातलं नाही, त्याच्या आधी १९६१च्या सुमाराला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या, म्हणजे मावशीसारख्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या लग्नांवर शंका काढली होती, खरे ज्यू आहेत का हे तपासून बघू म्हणून, लोकांनी धरणं धरलं, आणि १९६४ साली सरकारला सांगावं लागलं की ते सर्वार्थाने ज्यू आहेत. मावशीच्या दिराच्या लग्नातली ही जखम, ती आली तेव्हाही ओली होती. तर एकदा ती हे चिडून नोनाला सांगत होती, आणि नोना खो खो हसायला लागली. म्हणाली, मला हेच विचारलं होतं. कुठे? आउश्वित्झमध्ये. पोलंडचे कैदी विचारायचे, यिडिश येत नाही, तू कसली ज्यू. सालोनिकाची माणसं लादिनो आणि ग्रीक बोलणारी, त्यांना ना जर्मन हुकूम कळायचा ना शेजारच्या कैद्याची बोली. छळछावणीतसुद्धा परकी.

अजून एक सांगते, हे मला फार आवडतं. नोनाच्या आजोबांच्या काळात सालोनिकाचं बंदर शनिवारी बंद असायचं, कारण हमाल ज्यू, कोळी ज्यू, कारकून ज्यू, मग जहाज कुणाचंही असो. मावशीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, म्हणजे तुमी पण शनवार तेलीच की. कोकणात बेने इस्राएलांना तेच म्हणायचे, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून. हिब्रूत ते समजावता समजावता तिची दमछाक झाली म्हणे, तेलाचा घाणा, बैल, शनिवारची सुट्टी. पण नोनाला कळलं. पुढे कधी शनिवारी दार वाजवलं की नोना आतून विचारायची, कोण, तेली?

आता तो मुलगा. १९७८ की ७९ साल असेल. मावशीचा धाकटा शाळेत होता, योम हाशोआच्या कार्यक्रमासाठी बाईंनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव आणा, सगळ्यांसमोर वाचायचंय. वर्गातल्या पोरांकडे एकेकाकडे दहा दहा नावं. हा घरी आला आणि रडायला लागला, आपलं कुणीच कसं नाही मेलं? मावशी सांगते, मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं, काय उत्तर देणार, की बाबा नशीब समज? अलिबागला आपल्याला कुणी कधी बोट लावलं नाही, हे सुख आहे, हे लाज वाटण्यासारखं कसं झालं? नोना तिथेच बसली होती, डबा परत द्यायला आलेली. तोवर तिने कधी काही सांगितलं नव्हतं, छावणीत हातावर गोंदलेला नंबर दिसायचा तेवढाच. तिने मुलाला विचारलं, किती वर्षांचा तू, तो म्हणाला अकरा. ती म्हणाली, माझा भाऊ सहाचा होता. तुला चालेल का? आणि वहीच्या कागदावर नाव लिहून दिलं.

मावशीच्या ओट्यावरची मेणबत्ती त्या सहा वर्षांच्या पोराची. तेव्हापासून दरवर्षी.

नाव मला तिने सांगितलं. मी तीनदा म्हणून बघितलं, जीभ वळेना, 'स' आणि 'श'च्या मधलं काहीतरी आहे त्यात. इथे लिहीत नाही. ते नोनाने मावशीच्या मुलाला दिलं होतं, मला नाही.

पुढच्या वर्षी, २०१९ला, योम हाशोआ १ मेच्या संध्याकाळी सुरू होत होता. सकाळपासून मावशीच्या फोनवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा, गुलाबाचं फूल, शिवाजी महाराज, आणि इकडे ही पांढरा ब्लाउज इस्त्री करतेय. 'सकाळी जय महाराष्ट्र, संध्याकाळी मेणबत्ती,' म्हणाली. त्या रात्री बिल्डिंगमधल्या एका तरुण जोडप्याच्या घरी नोना बोलणार होती. हे २०११पासून सुरू झालंय तिथे, झिकारोन बासालोन, म्हणजे दिवाणखान्यातली आठवण. याद वाशेमचा, म्हणजे जेरुसलेममधल्या त्या साठ लाखांच्या स्मारकाचा, मोठा सरकारी सोहळा टीव्हीवर असतो, सहा मशाली, प्रत्येक मशाल वाचलेल्या एका माणसाच्या हाताने, पण पुष्कळांना ते लांबचं वाटायला लागलं, म्हणून मग लोक घरातच खुर्च्या मांडतात आणि वाचलेल्या कुणाला तरी बोलावतात. पंचवीसेक माणसं, अर्धी जमिनीवर, दाराबाहेर चपलांचा ढीग. अगदी आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखा ढीग. मी मावशीला चिकटून बसले होते आणि ती माझ्या कानात मराठी करत होती.

नोना छान बोलली असं म्हणता येणार नाही. ती भरकटायची. जुलै १९४२च्या एका शनिवारी जर्मनांनी नऊ हजार ज्यू पुरुषांना चौकात उन्हात उभं केलं, कवायती करायला लावल्या, त्यात तिचे वडील होते, आणि ती सांगत काय होती, तर घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत पण मान एवढी भाजली होती की आईने रात्रभर दही लावलं, आणि मग दही कुठल्या गवळ्याकडचं ते सांगत बसली. त्याच डिसेंबरमध्ये त्यांची शेकडो वर्षांची दफनभूमी उखडली, दगड बांधकामाला गेले, आज त्या जागेवर युनिव्हर्सिटी आहे. मावशी कानात 'दगड' म्हणाली तेव्हा मला नवगावची जुनी ज्यू कबरस्तानाची जागा दिसली, जिच्याजवळून मी मामाकडे जाताना एसटीतून शंभरदा गेले असेन, खिडकीशी भेळ खात. मग मार्च १९४३. स्टेशनलगतच्या वस्तीत सगळ्यांना कोंडलं. सांगितलं की क्राकोला नेतोय, तिथे नवीन घरं आहेत, तुमचे ड्राक्मा, म्हणजे ग्रीक पैसे, जमा करा, त्याच्या बदल्यात पोलंडच्या पैशाच्या चिठ्ठ्या मिळतील. जोडप्यांना वेगळी खोली मिळेल अशी आवई उठली म्हणून घाईघाईने लग्नं लागली, एका दिवसात कितीतरी. नोनाच्या मावसबहिणीचं लागलं. नोनाने त्या लग्नातल्या मिठाईबद्दल दहा मिनिटं सांगितलं, साखर नव्हती तर बेदाणे कसे घातले वगैरे. मग गाडी, आणि गाडीबद्दल एकच वाक्य. मावशीने ते मराठी केलं नाही, नुसता माझा हात दाबला. त्या वसंतात आणि उन्हाळ्यात सालोनिकाहून ४५ हजारांच्या आसपास माणसं आउश्वित्झला गेली. नोनाच्या घरातले सात. परत आली ती एकटी.

एका मुलीने शेवटी विचारलं, तुम्हाला राग येतो का? नोनाने जरा विचार केला आणि म्हणाली, त्या चिठ्ठ्यांचा येतो. माझ्या वडिलांनी त्या दोनदा मोजून घेतल्या होत्या.

मग कुणीतरी सात्विक गाणं म्हणायला घेतलं, हळू, गिटारवर. मला ते जरा जास्त झालं असं वाटलं, खरं सांगायचं तर. नोनालाही वाटलं असावं, ती बिस्किट खात होती.

याद वाशेमला मी नंतर एकदा जाऊन आले. तिथे मुलांचं स्मारक आहे, अंधार, आरसे, थोड्याच मेणबत्त्या आणि त्यांची हजारो प्रतिबिंबं, आणि एक आवाज नावं वाचत असतो, नाव, वय, देश. पंधरा लाख मुलं. मी उभी राहून वाट बघत होते की ते एक नाव येतंय का. येणं शक्यच नव्हतं एवढ्या वेळात, पण तरी उभी राहिले, मागून शाळेची सहल आली आणि त्यांनी मला पुढे ढकललं. नोनाने तिथे भावाचा फॉर्म भरलाय, साक्षीचं पान म्हणतात. मावशीने मला त्याची झेरॉक्स दाखवली होती. वडिलांचं नाव, आईचं नाव, राहण्याचं ठिकाण. व्यवसाय या रकान्यात नोनाने एक आडवी रेघ मारलीय. छोटीशी.

२०२०ला सगळं बंद होतं. सोहळाही आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला, प्रेक्षक नाहीत. २१ एप्रिलला सकाळी दहाला आम्ही बाल्कनीत उभे राहिलो, सगळी गल्लीच बाल्कन्यांमध्ये. मी यावेळी दहा मिनिटं आधीपासून तयार, हात मोकळे, फोन आत. खालच्या बाल्कनीत मावशी, साडीत, साडी ती वर्षातून दोनचारदाच नेसायची. भोंगा सुरू झाला. समोरच्या बिल्डिंगमध्ये नोना तिच्या बाल्कनीत होती, आणि ती उभी राहिली नाही. खुर्चीत बसून मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. पहिल्यांदा वाटलं ऐकू येत नसेल, पण तिला ऐकू चांगलं यायचं. दोन मिनिटं अख्खी गल्ली पुतळ्यासारखी आणि ती एक एक शेंग उघडतेय, अंगठ्याने दाणे ओढतेय, सालं बाजूला. मी नंतर मावशीला विचारलं तर म्हणाली, 'तिनं काय उभं राह्यचं? ती दरवर्षी काय ना काय करत असते. आपण राह्यचं.'

त्या वर्षाच्या शेवटी आम्ही परत आलो. नोना पुढच्या हिवाळ्यात गेली. मावशीचा धाकटा, आता पन्नाशीचा, सात दिवस सुतकाला जाऊन बसला तिच्या घरी, तिच्या नातवंडांबरोबर.

मावशीशी अजून फोन होतात, पण २०२३च्या ऑक्टोबरनंतर ते पूर्वीसारखे राहिले नाहीत. तिच्या ओळखीतल्या एका घरातली पोरगी ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यात गेली. आणि मी इकडे रोज गाझातली पोरं बघतेय फोनवर, ढिगाऱ्यातून काढलेली, आणि त्यातही काही सहा वर्षांची असणारच. एकदा मी ते बोलले. म्हटलं मावशी, त्यांच्यापण नावांची कुणीतरी यादी करत असेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तुझ्याकडं भोंगा वरखाली वाजत नाय ना,' आणि विषय बदलला, अलिबागला पांढऱ्या कांद्याचा काय भाव आहे. मला तिचं पटलं नाही. माझंही तिला पटलं नसणार. पुढच्या आठवड्यात तिनेच फोन केला, बिरड्याला वाल चांगले मिळत नाहीत म्हणून.

या जानेवारीत आईकडे होते, अलिबागला. ३० तारखेला सकाळी बाजारात गेले. कोथिंबीर ढिगाने आलेली, ओली, मातीचा वास. मी जुडी उचलली, पर्समध्ये हात घातला आणि अकराचा भोंगा झाला. मला कळायच्या आत माझे पाय जुळले होते. हात खाली, मान खाली. बाजार चालूच, रिक्षा माझ्या पाठीला हॉर्न देतेय, एक बाई मला वळसा घालून पुढे गेली, शेजारी मिरच्यांचा भाव चाललाय, कुत्रं रडतंय. मी उभी. गांधींसाठी उभी होते का, खरंच माहीत नाही, डोक्यात तो आडव्या रेघेचा रकाना होता आणि ते नाव, जे मला अजून नीट म्हणता येत नाही.

भाजीवाली माझ्याकडे बघत होती. मग तिने जुडी माझ्यासमोर हलवली.

'ताई, घेताय का नुसत्याच उभ्या? दहाला दोन.'